दोन्ही वेळा गाडी मागे सरकते, कारण मात्र एक नाही

मडगाव स्टेशनावर थांबलेल्या गाडीत, खिडकीशी बसलेलं असताना ‘आपली गाडी मागे चालली’ असं दोन वेळा वाटू शकतं. बराच वेळ बाहेरचे माड आणि शेतं बघत आल्यावर गाडी थांबते तेव्हा, किंवा शेजारच्या रुळावरची गाडी पुढे निघते तेव्हा. अनुभव इतका सारखा की ‘भास झाला’ म्हणून आपण दोन्ही एकाच खात्यात टाकतो. पण पहिला भास आधी पाहिलेल्या गतीचा उरलेला परिणाम असतो, तर दुसऱ्यात स्थिर कोण आणि हलतं कोण, याचा निवाडाच चुकलेला असतो.

पहिला भास नीट अनुभवायचा तर पावसाळ्यात साखळीजवळच्या हरवळे धबधब्यावर जावं. पडत्या पाण्यातल्या एकाच जागी अर्धा-एक मिनिट नजर रोखून ठेवायची आणि मग चटकन बाजूच्या कातळाकडे बघायचं. कातळ वर चढू लागतो. गंमत म्हणजे तो चढतो, पण कुठेच पोचत नाही. आहे त्याच जागी राहून सरकत असतो. असं दृश्य खऱ्या जगात शक्यच नाही, तरी डोळ्यांसमोर ते निमूट घडतं. (दूधसागरची कीर्ती मोठी, पण चालत्या गाडीच्या खिडकीतून नजर एका जागी ठरत नाही, म्हणून या प्रयोगाला तो निरुपयोगी.) वाहत्या नदीकडे पाहिल्यावर स्थिर वस्तू हलताना दिसतात, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवलं आहे. धबधब्यावरचं प्रसिद्ध वर्णन 1834 सालचं. रॉबर्ट ॲडम्स याने ते स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यावर केलं.

हे होतं कसं? मेंदूत ठरावीक दिशेच्या गतीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. काहींना खाली जाणारी गती हवी, काहींना वर जाणारी. स्थिर वस्तू पाहतानाही दोन्ही गट थोडे जागे असतात आणि मेंदू त्यांच्यातला फरक वाचतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच ओढत असल्या की दोर हलत नाही, तसं हे. धबधबा बघून ‘खाली’वाल्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो. मग कातळाकडे पाहिलं की ‘वर’वाले न वाढताच जिंकतात. थकवा डोळ्यांना आला, असं आपण सहज म्हणतो, पण माणसाच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही. एक डोळा झाकून धबधबा पाहा आणि मग झाकलेल्या डोळ्यानेच कातळ पाहा. भास फिका असतो, पण असतो. म्हणजे बदलाचा निदान काही भाग तरी दोन्ही डोळ्यांची माहिती जिथे एकत्र येते, त्या मेंदूच्या भागात झालेला आहे.

दुसऱ्या भासात कुठलीच पेशी मंदावायची गरज नसते. मोठी, भोवती पसरलेली गोष्ट स्थिर आणि छोटी गोष्ट हलती, असं मेंदू गृहीत धरतो. एरवी ते बरोबरच असतं, डोंगर थोडेच धावतात! कार्ल डुंकर याने 1929 साली अंधारात प्रकाशाचा ठिपका आणि त्याभोवती चौकट दाखवली. सरकवली चौकट, पण लोकांना सरकला ठिपका. ढग पळत असताना चंद्रच धावतो, ते याच न्यायाने.

चंद्राच्या जागी आपण स्वतः असलो की आपलंच शरीर सरकतंय असं वाटतं. रायबंदरच्या धक्क्याला लागलेल्या फेरीबोटीच्या कठड्यावरून मांडवीतलं ओहोटीचं पाणी बघत राहा. फेस, पालापाचोळा पणजीकडे वाहत असतो, आणि थोड्या वेळाने बोट जुन्या गोव्याच्या दिशेने निघाल्यासारखी वाटते. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय याला आक्षेप का घेत नाही? कारण त्याला वेगातला बदल कळतो. एकसारखा संथ वेग आणि थांबलेपण यांतला फरक त्याला सांगता येत नाही. तेव्हा डोळे म्हणतील ते खरं.

आता मडगावच्या खिडकीत कोणता भास होतोय ते ओळखायचं असेल, तर खिडकीतून नजर काढून डब्याच्या पलीकडच्या बाजूला, फलाटावरच्या खांबाकडे बघा. शेजारच्या गाडीने घडवलेला भास असेल तर तो तिथल्या तिथे मोडतो, कारण तुलनेला पक्की वस्तू मिळाली. नुकत्याच थांबलेल्या प्रवासाचा असेल तर तो नजरेबरोबर येतो. तो खांबावरही दिसतो, समोरच्या सहप्रवाशाच्या शर्टावरही, आणि काही सेकंदांत आपोआप विरतो. घाईने डोळे मिटून घेतलेत तरी लगेच सुटका नाही. उघडल्यावर त्याचा बराचसा भाग पुन्हा दिसू शकतो.