पुंगळीतली रिकामी खोली

दुचाकींच्या कर्णकर्कश सायलेन्सरवर रोड रोलर फिरवतानाचे व्हिडिओ हल्ली अधूनमधून मोबाइलवर येतात. रस्त्यावर ओळीने मांडलेल्या चकचकीत नळ्या, बाजूला पोलीस आणि खडखडत जाणारा रोलर. कारवाई योग्यच आहे. पण खरी मोलाची वस्तू त्याआधीच कुठल्यातरी गॅरेजच्या मागच्या भंगारात गेलेली असते, हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतला भाग, काढली म्हणजे नेमकं काय काढलं, हे गाडी मिरवणाऱ्या पोरालाही सांगता येत नाही.

माझं घर आचरा–मालवण रस्त्याला लागून आहे. शनिवारी रात्री तारकर्लीकडे निघालेले ताफे घरावरून जातात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये अरुंद रस्ता, त्यामुळे आवाज गडग्यांवर आपटत आपटत पुढे सरकतो. एक पुंगळी काढलेली गाडी गेली की वाडीतली कुत्री उठतात, पाळण्यातली पोरं रडायला लागतात. गेल्या मे महिन्यात मी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून गंजलेला एक जुना सायलेन्सर मागून घेतला आणि ग्राइंडरने उभा चिरून मागितला. काजळीचा वास सुटला, दोन शकलं झाली. आत डोकावून तो म्हणाला, “सर, ह्येच्यात तर कायच नाय!”

खरोखरच आत फिरणारं, हलणारं काही नव्हतं. पत्र्याचे आडवे पडदे, त्यांनी पडलेल्या तीन खोल्या आणि एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्या नळ्या. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला 120वा नियम सायलेन्सरची ओळख करून देतो ती याच रिकाम्या खोलीचं नाव घेऊन: ‘एक्स्पान्शन चेंबर किंवा अन्य मार्गाने’ धूर बाहेर पडतानाचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन. कायद्याच्या मजकुरात ध्वनिशास्त्राची वस्तू इतकी थेट आलेली पाहून मला फार आनंद झाला होता.

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. सिलिंडरमधला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. तो वायू नळीत धाडकन घुसतो. चार-स्ट्रोक, एक-सिलिंडर इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर असे धक्के सेकंदाला 25 बसतात. हीच ती ‘धकधक’. मात्र प्रत्येक धक्का टोकदार असतो, म्हणून त्यात 25 हर्ट्झच्या (सेकंदाला 25 कंपनांच्या) जोडीला 50, 75, 100 असे करत पार हजारांपर्यंतचे सूर मिसळलेले असतात. आपला कान 25 हर्ट्झला जवळजवळ बहिरा आहे. कानाप्रमाणे मोजणारं ‘ए’ मोजमाप त्या सुरातून तब्बल 45 डेसिबल वजा करतं. कानठळ्या बसवतात ते वरचे, शेकडो ते हजारो हर्ट्झचे सूर, आणि रिकाम्या खोलीचा रोख त्यांच्यावरच असतो.

मी चिरलेल्या सायलेन्सरची मधली खोली 25 सेंटिमीटर लांब भरली. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा जास्त असतो. साधारण 350 अंश सेल्सिअसला तो सेकंदाला 500 मीटर येतो. म्हणजे 500 हर्ट्झच्या लाटेची लांबी 1 मीटर झाली, आणि खोली बरोबर तिच्या पावपट. ही लाट अरुंद नळीतून रुंद खोलीत येते. पलीकडच्या टोकाला पुन्हा अरुंद नळी. तिथे लाटेचा थोडा भाग बाहेर निसटतो, बाकीचा मागे फिरतो, अलीकडच्या भिंतीवर आपटतो आणि पुन्हा दाराशी येतो. या जादा फेरीत तो 50 सेंटिमीटर, म्हणजे अर्धी लाट, मागे पडलेला असतो. त्यामुळे दाराशी पहिल्या लाटेचा उंचवटा आणि मागून आलेल्या लाटेचा खळगा एकत्र येतात आणि एकमेकांना खोडतात. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती बहुतांश इंजिनाकडे परत जाते. नळी 3 सेंटिमीटर व्यासाची आणि खोली 12 ची धरली, तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर 16 येतं. आदर्श गणितानुसार 500 हर्ट्झची फक्त चौसष्टावा हिस्सा ऊर्जा पुढे जाते. म्हणजे 18 डेसिबलची घट, एका रिकाम्या डब्याने केलेली.

आता खोच पाहा. हाच हिशेब 1000 हर्ट्झला लावा. तिथे लाट अर्ध्या मीटरची, जादा फेरीही अर्ध्या मीटरची. उंचवट्यावर उंचवटा येतो आणि तो सूर खोली नसल्यासारखा आरपार निघून जातो. घट शून्य! मग मी नीट बघितलं, तर आत येणारी नळी खोलीच्या तोंडाशी संपत नव्हती, ती आत घुसलेली होती. पट्टी लावली. साडेबारा सेंटिमीटर. नळीभोवती राहिलेली ती एका बाजूने बंद, कडीसारखी पोकळी म्हणजे 1000 हर्ट्झच्या लाटेची बरोबर पावपट. कडीच्या बंद टोकाला जाऊन परतलेली लाट अर्धी मागे पडते, म्हणजेच उलटी होऊन येते, म्हणून निसटू पाहणारा सूर तिथे अडतो. एका मापाने पाडलेलं भोक दुसऱ्या मापाने बुजवलेलं. मी गॅरेजमधल्या बाकड्यावर पट्टी धरून कितीतरी वेळ बसलो होतो. पुंगळी काढताना पडदे आणि नळ्या उपटल्या की हे सगळं भंगारात जातं.

‘मोकळी केली की गाडी पळते’ असं जाहिरातीही सांगतात आणि मित्रही. पण कंपनीची नळी परत येणाऱ्या दाबाच्या लाटा जमेस धरून बनवलेली असते. आतलं काढलं की इंधन-हवेचं प्रमाण बिघडू शकतं, आणि 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बरेचदा त्यासोबत जातो. गाडी मोठ्याने ओरडते म्हणून ती जोरात धावतेय असं वाटतं. आमच्याकडे नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू चिरडतात, हँडलला मिरच्या बांधतात. लिंबाने अपघात टळत नाही, ब्रेक आणि टायर नीट असले की टळतो. ‘आवाज ऐकून समोरचा सावध होतो’ हा समजही त्याच जातीचा. नळीचं तोंड मागे असतं आणि दुचाकीला धोका बहुतेक वेळा समोरून येतो. लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे 900 अपघात जागेवर जाऊन तपासणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या 1981च्या अहवालात हे स्पष्ट आहे. वर, काचा बंद करून एसी लावलेल्या मोटारीत फारसं ऐकू येत नाही.

कायदा थोडक्यात असा. 175 सीसीवरच्या नव्या मोटरसायकलला चाचणीत 7.5 मीटरवर 80 डेसिबलची मर्यादा आहे, 80 ते 175 सीसीला 77. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे ध्वनीचे निकष मोडले तर 2019च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय पहिल्याच वेळी तीन महिने परवाना अपात्र. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनीची मर्यादा 45 डेसिबल आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 80 डेसिबलची कायदेशीर गाडीसुद्धा 60 मीटरवर 62 पर्यंतच उतरते. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. खाडीकाठच्या वाड्यांना पलीकडच्या काठावरची गाडी रात्री इतकी जवळ का वाटते, त्याचं कारण हेच.

म्हणून मूळ सायलेन्सर असलेल्यांनाही माझी विनंती आहे. वाडी लागायच्या आधीच वरचा गिअर टाका. ताशी 40 ला दुसऱ्या गिअरऐवजी चौथ्यात चाललात तर इंजिनाचे फेरे बरेच उतरतात आणि धक्केही त्याच प्रमाणात कमी होतात. चढणीवर थ्रॉटल एकदम पिळू नका, हळूहळू द्या. ताफ्यातल्या दहा गाड्या एकत्र गेल्या तर एकीपेक्षा 10 डेसिबल जास्त होतात, म्हणून गडग्यांमधल्या रस्त्यात अंतर ठेवून, एकामागून एक जा. देवळापाशी, आरोग्य केंद्रापाशी थांबून गप्पा मारायच्या तर इंजिन बंद करा.

ती दोन शकलं आता आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर आहेत. अकरावीची पोरं त्या कडीत पट्टी घालून साडेबारा सेंटिमीटर स्वतः मोजतात, आणि मग न सांगता वहीत 1000 हर्ट्झचा हिशेब करायला घेतात.