रॉड सील की वायपर? गळणारा सिलिंडर उघडण्याआधी

जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा लिफ्ट सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबावर रॉड सरकवून अवजार उचलणारा सिलिंडर, गळायला लागला की तेल वायपरच्या, म्हणजे रॉडभोवतीच्या सगळ्यात बाहेरच्या कड्याच्या, कडेने बाहेर येताना दिसतं. साहजिकच वाटतं, वायपर गेला. नवा वायपर बसवला जातो आणि थोड्याच दिवसांत रॉडवरून पुन्हा ओघळ सुरू होतो. तेल तिथूनच येतं हे खरं, पण ते अडवणं वायपरचं काम कधी नव्हतंच; ते काम त्याच्या आतल्या रॉड सीलचं.

सिलिंडरच्या तोंडाशी, रॉड ज्यातून आतबाहेर होतो त्या ग्लँडमध्ये, हे दोन्ही सील काही मिलिमीटरच्या अंतरावर बसतात. बाहेरच्या टोकाला वायपर, त्याच्या आत रॉड सील. दोघांनाही पातळ ओठ असतात, दोघेही त्याच रॉडला बिलगून असतात. गोंधळ होतो तो इथेच.

रॉड सील आडवा कापला तर यू अक्षरासारखा दिसतो. त्याची उघडी बाजू तेलाकडे हवी. दाब चढला की तेल त्या खोबणीत शिरून ओठ फाकवतं. एक ओठ रॉडवर दाबला जातो, दुसरा ग्लँडमधल्या ज्या खाचेत सील बसतो तिच्या भिंतीवर. दाब वाढेल तशी पकड घट्ट होते. हाच सील उलटा बसला, तर दाब ओठ उघडण्याऐवजी मिटवतो. मी एकदा तो उलटा बसवला होता. लिव्हर उचलताच रॉडभोवती तेलाचं कडं उमटलं आणि नवाकोरा सील काढण्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागलं. म्हणून जुना सील उपटण्याआधी त्याची दिशा दाखवणारा फोटो काढून ठेवा.

वायपरचा ओठ याच्या बरोबर उलट, बाहेरच्या बाजूला. रॉड आत जाताना त्यावरची माती आणि गवताचा चुरा खरवडून बाहेर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. दाब धरण्याशी त्याचा संबंध नाही. काही वायपरना आतल्या बाजूलाही एक ओठ असतो, पण तो रॉडवर उरलेला तेलाचा पापुद्रा परतवण्यासाठी.

तरीही वायपरला निर्दोष सोडू नका. ऊन आणि चिखल त्याच्याच वाट्याला येतात. तो कडक होऊन चिरला की मातीचे कण आत जातात आणि रॉड सीलच्या ओठावर ओरखडे पाडतात. गळतो रॉड सील, पण त्याला मारतो बऱ्याचदा वायपर. माझ्या मते एक बदलताना दुसरा जुनाच ठेवणं म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणं.

रॉडवर बोट फिरवल्यावर नुसता तेलकटपणा जाणवला तर घाबरू नका. सीलच्या ओठाला तेवढं वंगण लागतंच. थेंब जमून खाली पडत असतील, तर मात्र सिलिंडर उतरवा. त्याआधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब सोडा. रॉडच्या आतल्या टोकाचा पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरू नका; तो गोळीसारखा सुटू शकतो.

माप जुन्या सीलवरून घेऊ नका. तो तेलाने फुगलेला किंवा आकसलेला असतो. व्हर्निअरने रॉडचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची रुंदी मोजा. जुन्या ट्रॅक्टरचा रॉड इंची मापाचा असेल, तर एक इंच म्हणजे 25.4 मिमी, 25 मिमीचा सील दिसायला तोच, पण बसणारा नव्हे. रॉडवर नखही फिरवून बघा. नख अडकेल असा गंजाचा खड्डा किंवा ओरखडा असेल, तर तो नव्या सीललाही कापत राहणार.

पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकचा, सील ताठ असतो. तो कोमट तेलात थोडा वेळ ठेवा, मग बोटांनी घेवड्याच्या दाण्यासारखा मुडपून खाचेत सोडा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ढकललात तर ओठावर बारीक चीर पडते, आणि ती दाब चढल्यावरच कळते. रॉडच्या आट्यांवर टेप गुंडाळा, ओठांना तेल लावा, मग ग्लँड सरकवा.

जोडणी झाल्यावर भार न लावता सिलिंडर चार-पाच वेळा पूर्ण आतबाहेर करा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. टाकीतलं तेल बघून भर घाला. मग रॉड कोरड्या फडक्याने पुसा, भार उचला आणि वायपरच्या कडेकडे लक्ष ठेवा.