ऑइल सील (जुन्या मोटारींच्या एंजिनांतील)

एंजिनाच्या बंद पोटातून फिरता दांडा जेथे बाहेर येतो, तेथे वंगण तेल बाहेर पडू नये म्हणून बसविलेले कडे, दोरी किंवा तत्सम योजना. मराठीत ‘तेलरोधक कडे’ असे म्हणता येईल; सातारा व सांगली जिल्ह्यांतील गॅरेजांत मात्र ‘सील’ एवढ्यावर भागते. क्रँकशाफ्टच्या (एंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागील टोकाचे ते ‘मेन सील’, पुढील टोकाचे ‘टायमिंग कव्हरचे सील’ आणि एंजिनाखालचे तेलाचे भांडे म्हणजे ‘चेंबर’. प्रस्तुत नोंद मुख्यतः क्रँकशाफ्टच्या दोन टोकांपुरती आहे. टॅपेट कव्हर (एंजिनाच्या माथ्यावरचे झाकण), चेंबर यांच्या पॅकिंगमधून होणारी गळती हा वेगळा आणि पुष्कळ सोपा विषय आहे.

उगम : फिरत्या दांड्याभोवती दोरी किंवा वाख ठासून गळती रोखण्याची रीत मोटारीपेक्षा खूप जुनी असून ती वाफेच्या एंजिनांतून आली. अमेरिकेतील ऑलिन गार्लॉक यांचा पॅकिंगचा व्यवसाय १८८७ मध्ये सुरू झाला, तो वाफेच्या यंत्रांसाठीच. आजच्या ओठाच्या सीलचे, म्हणजे लवचीक पातळ कडेने दांड्याला टेकणाऱ्या कड्याचे, जनकत्व मात्र वादग्रस्त आहे. जर्मन परंपरेत त्याचे श्रेय ऑस्ट्रियन अभियंता वाल्टर झिमर आणि वाइनहाइम येथील फ्रॉइडनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कंपनीला दिले जाते. ‘झिमररिंग’ हे त्यांच्या सीलचे नाव आजही प्रचारात आहे. त्याचा काळ साधारणतः १९२९ ते १९३२ असा धरतात. अमेरिकन लेखक त्याच सुमाराच्या शिकागो रॉहाइड कंपनीकडे बोट दाखवतात. १८७८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनीही मूळची चामड्याचीच.

दाबाने आपोआप घट्ट बसणारी चामड्याची कॉलर याच्या सुमारे एकशे पस्तीस वर्षे आधी जोसेफ ब्रामा यांच्या द्रवचालित दाबयंत्रात होती (एकस्व १७९५). तीही ब्रामांची नव्हे, त्यांच्याकडील हेन्री मॉडस्ले यांची, असे अनेकांचे मत आहे. काही जण बेंजामिन हिक यांचे नाव घेतात. त्यामुळे झिमर यांच्याकडे चामड्याच्या ओठाची कल्पना नव्हे, तर ओठ, त्याला कवटाळणारी गोल स्प्रिंग आणि धातूचे कवच हे तिन्ही एका सुट्या भागात एकत्र आणण्याचे श्रेय देणे अधिक रास्त वाटते. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने खरा बदल तोच, कारण सील हा दुकानातून आणून ठोकून बसविण्याचा जिन्नस झाला. चामड्याच्या जागी रबर आले ते १९३० नंतर. नायट्राइल रबर हे जर्मनीतील कॉनराड व चुंकूर यांच्या संशोधनाचे फळ. अधिक उष्णता सोसणारे फ्लुओरो-रबर १९५० नंतरच्या दशकातले.

कार्यतत्त्व : ओठ दांड्यावर दाबून बसतो म्हणून तेल अडते, ही समजूत अपुरी आहे. चालू एंजिनात ओठ आणि दांडा यांच्यामध्ये सुमारे एक ते काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो. तो नसेल तर ओठ जळतो. मग पापुद्रा असूनही तेल बाहेर का येत नाही? इंग्लंडमधील जॅगर यांनी १९५७ मध्ये याचे स्पष्टीकरण पृष्ठताणाने केले : हवेच्या बाजूला तेलाची वक्र कड तयार होते आणि ती तेल धरून ठेवते. पुढे कावाहारा व हिराबायाशी या जपानी संशोधकांना सील उलटे बसविल्यास तेल बाहेर ढकलले जाते असे दिसले. निव्वळ पृष्ठताणाने हे समजावता येत नाही. १९८० नंतर जर्मनीत काम्म्यूलर आणि म्यूलर यांनी मांडलेले मत आता अधिक ग्राह्य मानले जाते. ओठाचा तेलाकडील उतार तीव्र आणि हवेकडील उतार मंद असल्याने स्पर्शपट्टीवरचा दाब एका बाजूस झुकलेला असतो. रबराचा सूक्ष्म खडबडीतपणा फिरत्या दांड्यामुळे तिरका खेचला जातो आणि बाहेर निघालेले तेल पुन्हा आत सारतो. थोडक्यात, सील हा एक अतिशय लहान पंप आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, दांड्यावर एमरी पेपर तिरका फिरवून झळाळी आणणे घातक ठरते. तसे केल्याने दांड्यावर बारीक आटे पडतात आणि नवे सीलही पहिल्या दिवसापासून गळते. ओठाखालची जागा घासायचीच असेल, तर दांडा लेथवर फिरवून, कागद आडवा न सरकवता घासावी.

जुन्या गाड्यांतील प्रकार : अँबॅसेडरच्या १,४८९ घ. सेंमी. बी-सिरीज एंजिनात मागील टोकाला सील नसतेच. क्रँकशाफ्टवर कोरलेले उलट्या दिशेचे आटे एका निकट बसणाऱ्या कवचात फिरतात आणि तेल चेंबरकडे परत सारतात. वर सांगितलेले पंपाचे तत्त्व येथे डोळ्यांना दिसेल एवढे मोठे आहे. एंजिन बंद होताच मात्र हा पंपही थांबतो. म्हणून अशी गाडी चालताना कोरडी राहते आणि उभी राहिल्यावर चार थेंब टाकते. ‘मेन सील बदला’ असे सांगत येणाऱ्या गाडीमालकाला नसलेले सील कसे बदलणार, हे समजावणे फिटरला जड जाते. पुढील टोकाला आधी नमद्याचे, नंतर रबरी ओठाचे सील असते.

विलीस जीपच्या १३४ घन इंची (२,१९९ घ. सेंमी.) जुन्या एंजिनात मागे ग्रॅफाइट लावलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी दोन अर्धवर्तुळी खोबणींत बसवीत, पुढे तिच्या जागी दोन तुकड्यांचे रबरी सील आले. प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घ. सेंमी. एंजिन वेगळ्या, इटालियन घराण्याचे आहे. त्याला अँबॅसेडरचे नियम लावू नयेत.

सांगली भागातील फिटरांना दोरी नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत वसविलेल्या किर्लोस्करवाडीत पुढे पंप बनू लागले, आणि कृष्णाकाठच्या उपसा सिंचनामुळे ग्लँडमध्ये (पंपाचा दांडा बाहेर येतो तेथील दोरी भरण्याच्या खोबणीत) दोरी भरणे हे तिथल्या अनेक हातांना सवयीचे झाले. ही सवय कधी तारते, कधी फसवते. पंपाच्या ग्लँडमधून पाणी थेंब थेंब पडलेच पाहिजे, नाहीतर दोरी तापून शाफ्ट खाते. आणि ग्लँड ढिली झाली तर नट आवळता येतो. जीपच्या दोरीला आवळायला नट नाही. ती बसवतानाच नीट बसली पाहिजे.

निदान : तेल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते, त्यामुळे गळतीची जागा आणि थेंबाची जागा सहसा एक नसते. टॅपेट कव्हर, पेट्रोल पंपाचे पॅकिंग किंवा ऑइल प्रेशरच्या स्विचमधून निघालेले तेल एंजिनाच्या पाठीवरून ओघळून मेन सीलच्या नावावर खपते. एंजिन रॉकेलने धुऊन, कोरडे करून, वर टाल्कम पावडर फवारून थोडा वेळ चालविल्यास पहिला ओला माग दिसतो. वासही कामाला येतो : गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एंजिन ऑइलला नसतो.

बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) तळाला एक भोक असते आणि त्यात भोक बुजू नये म्हणून कॉटर पिन लोंबत ठेवलेली असते. गळती इथूनच होते असे समजून ते भोक बंद करणारे लोक आहेत. मग तेल आतच साठून क्लच प्लेटवर जाते आणि गाडी घाटात क्लच सोडते.

सील खोलण्याआधी ब्रीदर (एंजिनाच्या पोटातील वायू बाहेर सोडणारी वाट) पाहणे आवश्यक आहे. झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून ज्वलनाचा वायू खाली उतरतो. ब्रीदरची जाळी काजळीने बुजलेली असली की पोटातला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. तेलाचे झाकण काढताच भकभक धूर येत असेल, तर दोष सीलचा क्वचितच असतो. आट्यांच्या रचनेला हा दाब मुळीच सोसत नाही. पसरणी किंवा यवतेश्वरचा घाट चढताना चेंबरमधील तेल मागच्या बाजूला जमते, म्हणून या रस्त्यांवरून आलेली अँबॅसेडर नाक वर करून उभी केल्यास अधिक टपकते. ती सपाटीवर उभी करून मगच गळती मोजावी.

दुरुस्ती : पुढील सील रेडिएटर आणि पुली काढून बदलता येते. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवतात. चावीच्या खाचेवरून ओठ कापला जाऊ नये म्हणून खाचेवर पातळ टेप लावतात, ओठाला तेल लावतात आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी ठेवून सील सरळ ठोकतात. दांड्याला खाच पडली असेल, तर सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणणे हा स्वस्त उपाय. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची स्लीव्ह चढविणे हा अधिक टिकाऊ.

मागील बाजूसाठी गिअर बॉक्स, क्लच, फ्लायव्हील आणि अनेकदा एंजिनच उतरवावे लागते. दोरी गुळगुळीत गोल दांड्याने खोबणीत लाटून बसवतात आणि टोके किंचित वर ठेवून धारदार पात्याने कापतात. बसविण्यापूर्वी ती तेलात भिजवावी की नाही याबद्दल दोन मते आहेत. निदान ती कोरडी फिरू देऊ नये. अँबॅसेडरच्या आट्यांत बदलण्यासारखे काहीच नसते. मेन बेअरिंग झिजले की क्रँकशाफ्ट खाली बसतो आणि आट्यांभोवतीची फट वरखाली असमान होते, म्हणून खरी दुरुस्ती बेअरिंगची. आटे काढून टाकून रबरी सील लावण्याचे संच परदेशात मिळतात. पण क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला जाणारच असेल तेव्हाच त्यांचा विचार करावा, हे मत अधिक सावध आहे. जाड तेल ओतणे किंवा रबर फुगविणारी रसायने घालणे यांनी काही काळ थेंब कमी होतात. आट्यांच्या एंजिनात रसायनाने फुगण्यासारखे तिथे काही नसते.

माप आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी या क्रमाने सांगतात. पंप आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिलिमीटरची मापे सहज मिळतात, ब्रिटिश गाड्यांचे दांडे मात्र इंचांत असतात. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी.; त्यावर ४५ चे सील हाताला ठीक बसल्यासारखे वाटते, पण ओठाचा ताण बराचसा जातो. जुनी दोरी काढताना ती अ‍ॅस्बेस्टॉसची आहे असेच धरून चालावे : कोरडी खरवडू नये, हवेच्या पाइपने फुंकू नये, तेलाने ओली करून चिमट्याने उचलावी व पिशवीत बंद करावी.