उडुपी हॉटेल

कर्नाटकच्या किनाऱ्यावरील उडुपी आणि आसपासच्या तुळु मुलखातून आलेल्या लोकांनी विसाव्या शतकात गावोगाव काढलेली शाकाहारी खाणावळ म्हणजे उडुपी हॉटेल. येथे राहायची सोय नसते. ‘बोर्डिंग’ अशी पाटी असली तरी आत मिळते ते जेवणच. सकाळ-संध्याकाळी इडली, वडा, डोसा, उपमा आणि फिल्टर कॉफी असा टिफिन, आणि दुपारी व रात्री केळीच्या पानावर किंवा ताटात वाढलेले भाताचे जेवण, ही या धंद्याची दोन अंगे. संगमरवरी किंवा फॉर्मायकाची टेबले, स्टीलची भांडी, गल्ल्यामागे देवाची तसबीर आणि समोर दिवसाचे पदार्थ लिहिलेला फळा एवढ्यावर जुन्या उडुपी हॉटेलची सजावट संपते. चवीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. पण या हॉटेलांचे खरे वैशिष्ट्य पुष्कळ माणसांना थोड्या वेळात, स्वच्छ आणि स्वस्त जेवू घालण्याच्या रीतीत आहे, आणि ती रीत मठातून आली.

मठाचे स्वयंपाकघर

उडुपीचा कृष्णमठ मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापन केला. उडुपीतल्या आठ मठांकडे पाळीपाळीने तिथल्या कृष्णाच्या पूजेचा अधिकार जातो. ही पाळी, म्हणजे ‘पर्याय’, सोळाव्या शतकात वादिराज स्वामींनी दोन-दोन वर्षांची केली. ज्या मठाचा पर्याय, त्याच्याकडे देवाच्या नैवेद्याबरोबर यात्रेकरूंच्या अन्नदानाचीही जबाबदारी येते. रोज नेमके किती लोक जेवायला येतील हे ठाऊक नसताना कोणीही उपाशी जाऊ नये, अशा अटीवर चालणारा हा मुदपाकखाना होता. मठातले आणि मठाभोवतालचे आचारी बहुतेक शिवळ्ळी ब्राह्मण असत.

कांदा-लसूण वर्ज्य ही अट सर्वांना माहीत असते. त्याहून कडक नियम चातुर्मासाचे. पहिल्या महिन्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्ये चालत नाहीत. एवढे सगळे वगळूनही पंगत तृप्त उठली पाहिजे, म्हणजे आचाऱ्याचा हात कसा तयार होत असेल याची कल्पना यावी. नारळ, गूळ, चिंच, धने आणि ब्याडगी मिरची यांच्यावर या स्वयंपाकाची भिस्त असते. त्यामुळे उडुपीचे सांबार तमिळ सांबारापेक्षा गोडसर आणि दाट लागते. उडुपीजवळच्या मट्टू गावची हिरवी गोल वांगी, ‘मट्टू गुळ्ळ’, या सांबारात विशेष मानाची. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

घाटावर आणि शहरात

किनाऱ्यावर जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. त्यात १९२३च्या महापुराची भर पडली. हातात स्वयंपाकाशिवाय दुसरे भांडवल नसलेली माणसे मद्रास, बंगळूर, मुंबईकडे निघाली. बंगळूरला १९२४मध्ये परमेश्वर मय्या आणि त्यांच्या भावांनी सुरू केलेले हॉटेल पुढे ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, म्हणजे एमटीआर, म्हणून नावारूपाला आले. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा रव्याची इडली आपण काढली असे एमटीआर सांगते. बंगळूरच्याच गांधी बझारमधले ‘विद्यार्थी भवन’ १९४३चे. तिथला वाढपी डोशांच्या बशांची चळत एका हातावर रचून आणतो, आणि ती पाहायला माणसे डोशाइतक्याच उत्सुकतेने थांबतात. मद्रासला के. कृष्णराव यांनी १९३८मध्ये ‘वुडलँड्स’ काढले आणि उडुपी जेवणाला साहेबी हॉटेलाचा थाट दिला. पण तो या परंपरेचा एक फाटा. मूळ प्रवाह साध्या खाणावळींचाच राहिला.

माटुंगा

महाराष्ट्रात ही परंपरा सर्वांत जुन्या रूपात पाहायची तर माटुंग्याला जावे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, दादर-माटुंग्याची आखणी केली. तिथल्या नव्या इमारतींत दक्षिणेतून आलेले कारकून, टंकलेखक, हिशेबनीस राहू लागले. १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. देवळे, भजनी मंडळे, फुलांचा आणि केळीच्या पानांचा बाजार हेही आले. या वस्तीत एकटे राहणारे तरुण पुष्कळ. खोलीत चूल नाही आणि मेसमधला भात घशाखाली उतरत नाही, अशा माणसांसाठी बोर्डिंगे उघडली. मणीज लंच होम १९३७चे, रामाश्रय १९३९चे, कॅफे मद्रास १९४०चे. माटुंगा स्टेशनसमोरच्या बाजाराच्या इमारतीत ए. रामा नायक यांचे ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२मध्ये सुरू झाले. पानावरच्या जेवणासाठी आजही सर्वाधिक नाव याचेच निघते. सगळीच काही उडुपीची नाहीत. मणीज तमिळ अय्यरांचे होते, आणि वळणात तो फरक जाणवतो. मुंबईकर मात्र या सर्वांना एकाच नावाने ओळखतो, आणि गल्ल्यावरचा माणूस कुठलाही असो, त्याला ‘अण्णा’ म्हणतो.

पान मांडण्याची रीत ठरलेली आहे. निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, रुंद भाग उजवीकडे. आधी मीठ, लोणचे, कोशिंबीर आणि पल्य, म्हणजे नारळ घातलेली सुकी भाजी. मग मध्ये भात. पुढचा क्रम प्रांताप्रमाणे बदलतो. तमिळ पंगतीत सांबार आधी, रसम नंतर, शेवटी दही किंवा ताक. कन्नड पंगतीत सारू, म्हणजे रसमाचा भाऊ, आधी येतो आणि सांबारासारखी दाट हुळी त्याच्यामागून. मग पायस आणि शेवटी ताकभात. आपल्याकडे वरणभाताने सुरुवात करून ताकभाताने उठणाऱ्याला दोन्ही क्रम परके वाटत नाहीत. मुंबईच्या बोर्डिंगांनी यात पुरी घातली. हा गुजराती आणि मराठी गिऱ्हाइकाचा मान. जेवण झाले की पान आपल्याकडे दुमडायचे.

वाढपी विचारत बसत नाही. बादली आणि पळी घेऊन तो ओळीतून फिरत असतो. ज्याला नको त्याने पानावर आडवा हात धरावा, नाहीतर भात पडतोच. गर्दीच्या वेळी जेवणाऱ्याच्या पाठीशी पुढचा माणूस उभा असतो. नवख्याला हे अपमानास्पद वाटते, जुन्याला नाही. चार अनोळखी माणसे एका टेबलावर बसतात आणि शेजाऱ्याशी न बोलता मीठ सरकवतात. या शिस्तीत मठाच्या पंगतीचा ठसा स्पष्ट दिसतो.

पंगतीत कोण?

ठसा दिसतो तसा त्यातला काच विसरू नये. मठात पंक्तिभेद होता आणि त्यावरचा वाद अलीकडच्या काळापर्यंत चालू राहिला. सुरुवातीच्या अनेक हॉटेलांतही ब्राह्मणांना वेगळी बसण्याची जागा असे, आणि ‘ब्राह्मणाच्या हातचे’ ही जाहिरात होती. १९५७मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या एका उपाहारगृहाच्या पाटीवरून ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या द्राविड कळघम या ब्राह्मणेतर चळवळीतल्या संघटनेने निदर्शने केली, कार्यकर्ते तुरुंगात गेले. सुधारकांच्या लढ्याबरोबर धंद्याचे गणितही कामाला आले असावे. टेबल रिकामे ठेवून जात पाळणे परवडत नाही. शहरात ज्या थोड्या जागी पैसे टाकणाऱ्याची जात विचारली जात नाही अशी सवय लोकांना लागली, त्यांत इराण्याच्या बरोबरीने उडुप्याचे नाव घ्यावे लागेल.

मालकही बदलले. ब्राह्मण आचाऱ्यांच्या पाठोपाठ बंट समाजाचे लोक, म्हणजे शेट्टी, या धंद्यात आले, आणि १९७०च्या दशकातील कर्नाटकच्या कूळकायद्यानंतर जमीन गेलेल्या घरांतून तर फारच. मुंबईत त्यांची चढती वाट साधारण एकच. गावचा पोरगा टेबले पुसायला लागतो, मग वाढपी होतो, मग गल्ल्यावर बसतो, आणि जमले तर भागीदारीत स्वतःचे हॉटेल काढतो. दिवसभर कपबशा उचलून रात्री कन्नड रात्रशाळेत शिकलेल्यांची एक पिढी या शहरात होऊन गेली. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही, ही खंत नोंदवायला हवी. १९६६नंतर शिवसेनेच्या दाक्षिणात्यविरोधी मोहिमेत याच हॉटेलांवर दगड पडले. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा त्या काळची, आणि मराठी तरुणांनी वडापावच्या गाड्या लावाव्यात हा आग्रहही त्याच सुमाराचा. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे खात राहिले.

पुण्यात जगन्नाथ शेट्टी यांच्या रूपाली आणि वैशालीने हा प्रकार फर्ग्युसन रस्त्यावर रुजवला. तिथे डोशाबरोबर शेवपुरी आणि ‘एसपीडीपी’, म्हणजे शेव-बटाटा-दहीपुरी, आली, आणि न्याहारी चर्चेसाठी तासभर रेंगाळू लागली. जुन्या उडुप्याच्या हिशेबात हे बसत नाही, पण पुणेकरांच्या बसते.

आजची स्थिती

इतरत्र टेबलाचा वेग वाढवण्याकडे कल आहे. बंगळूरला १९८०च्या दशकात ‘दर्शिनी’ आल्या. तिथे कुपन घ्यायचे, उभ्याने खायचे आणि बाजूला व्हायचे. मुंबईत उडुपी हॉटेलांच्या पदार्थपत्रिकेत पावभाजी, पंजाबी भाज्या आणि शेजवान डोसा शिरला. काहींनी दारूचा परवाना घेतला. पानावरचे जेवण त्यामुळे मागे पडले. कारण उघड आहे. एका पानाला वाढपी चार वेळा येतो, भात हवा तितका द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात त्याच टेबलावर डोसा-कॉफीचे दोन गिऱ्हाईक होतात. माटुंग्याच्या बोर्डिंगांनी यावर आपला तोडगा काढला. मोजके जेवण हवे त्याला ताट, पोटभर हवे त्याला पान, आणि दोन्हींचे दर वेगळे. पैसे आधी भरायचे, मग जागेची वाट पाहायची.