शोरनर बदलतो तेव्हा: जुन्या सायन्स फिक्शन मालिकेचा वारसा

वर्षानुवर्षं चाललेली सायन्स फिक्शन मालिका नव्या शोरनरकडे येते तेव्हा आधीच्यांनी रचलेलं जग, पात्रं, शत्रू, नियम या सगळ्याचं तो काय करतो, त्याबद्दलची ही नोंद. शोरनर म्हणजे मुख्य लेखक आणि निर्माता दोन्ही एकच माणूस, गोष्ट कुठे न्यायची हे शेवटी तोच ठरवतो. शब्द अमेरिकन टीव्हीतला आहे, ब्रिटनमध्ये पूर्वी हेच काम प्रोड्यूसर आणि स्क्रिप्ट एडिटर असे दोघं मिळून करायचे.

अडचण अशी की बघणारे दोन टोकांचे असतात. एक जण लहानपणापासून बघतोय आणि त्याला प्रत्येक भाग पाठ आहे, दुसऱ्यानं आज पहिल्यांदाच लावलीय, आणि दोघांना एकाच वेळी धरून ठेवायचं असतं. जुनं फार आणलं तर नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उठून जातो, काहीच नाही आणलं तर जुना म्हणतो मग नाव तरी तेच कशाला ठेवलं. यातून वाट काढायची एक चांगली कसोटी आहे: जुनी गोष्ट परत आणली तर तिला आजच्या कथेत काहीतरी काम आहे का? काम असेल तर ज्याला ती आठवत नाही त्यालाही ती पोचते.

डॉक्टर हू

हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे बघायला मिळत असेल तर बीबीसीच्या डॉक्टर हू मध्ये. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी सोबत्यांना घेऊन काळात आणि अवकाशात भटकतो, अशी ही मालिका. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, पहिली प्रोड्यूसर व्हेरिटी लँबर्ट. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणाऱ्या विल्यम हार्टनेलच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आला आणि डॉक्टर चेहरा बदलून पुन्हा जगतो अशी सोय कथेतच करून टाकली, तिला पुढे रिजनरेशन नाव पडलं. त्यामुळे इथे नट बदलणं हाही कथेचाच भाग झाला, आणि नव्या टीमनं आधीच्यांकडून वारसा घ्यायचा हेही त्यातच आलं.

पण ८० च्या दशकात जॉन नेथन-टर्नर प्रोड्यूसर असताना भूतकाळाचा भार हळूहळू वाढत गेला. १९८३ मध्ये मालिकेला २० वर्षं झाली तेव्हा त्या सीझनच्या प्रत्येक कथेत काहीतरी जुनं आणलं, तो उत्सव होता म्हणून ते चाललं. १९८५ चं अटॅक ऑफ द सायबरमेन मात्र १९६६ आणि १९६७ च्या दोन सायबरमन (स्वतःला यंत्र करून टाकलेली माणसं) कथांवर उभं होतं, आणि त्यातली १९६७ ची टूम ऑफ द सायबरमेन तर तेव्हा हरवलेलीच होती, तिच्या टेप्स बीबीसीनं पुसल्या होत्या आणि ती हाँगकाँगमधून परत सापडली ती १९९० नंतर. म्हणजे जी गोष्ट कोणाला बघताच येत नव्हती ती लोकांना आठवत असेल असं धरून लिहिलं होतं! वारसा जपायची कळकळ खरी होती यात मला शंका नाही, पण नव्या प्रेक्षकासाठी त्यात दारच ठेवलं नव्हतं. १९८९ मध्ये मालिका बंद झाली, त्याला इतरही बरीच कारणं होती.

२००५: थोडं थोडं

१९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर मधली वर्षं पडद्यावर शांतताच होती, मग २६ मार्च २००५ ला रसेल टी. डेव्हिसनं मालिका परत आणली आणि माझ्या मते वारसा कसा हाताळावा याचा आजवरचा सगळ्यात चांगला धडा तिथेच आहे. पहिल्या भागात दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन काच फोडून रस्त्यावर येतात. हे ऑटन, १९७० मध्येही ते असेच काचा फोडून आले होते, ज्यांनी तेव्हा पाहिलं होतं त्यांच्या अंगावर काटा आला असणार. पण बाकीच्यांना पुतळा हलला एवढंच पुरेसं होतं, त्यासाठी कुठली माहिती लागत नव्हती.

मग बाकीचं हप्त्याहप्त्यानं दिलं. टाइम लॉर्ड (डॉक्टरच्या जमातीचं नाव) हा शब्द दुसऱ्या भागात, डॅलेक हा मालिकेतला सगळ्यात प्रसिद्ध शत्रू सहाव्या भागात आणि तोही एकच, साखळीत बांधलेला, रिजनरेशन थेट सीझनच्या शेवटी. सायबरमन २००६, डॉक्टरचा जुना वैरी मास्टर २००७, डॅलेक घडवणारा डॅव्हरॉस २००८. आधीच्या डॉक्टरांचे चेहरे सुद्धा पहिल्यांदा दिसले ते २००७ मध्ये, एका वहीतल्या चित्रांमध्ये. आणि सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे डॉक्टरचा ग्रह गॅलिफ्रे आणि त्यावरचे सगळे टाइम लॉर्ड एका युद्धात नष्ट झाले असं ठरवलं, ते युद्ध प्रेक्षकांना दाखवलंच नाही. एका फटक्यात तीस-चाळीस वर्षांची गुंतागुंत बाजूला झाली पण पुसली गेली नाही, ती डॉक्टरच्या मनातलं दुःख होऊन बसली, आणि दुःख समजायला आधीचे भाग बघावे लागत नाहीत.

२००६ चा स्कूल रियुनियन हा भाग तर यासाठी पुन्हा पुन्हा बघावा असा आहे. सारा जेन स्मिथ (एलिझाबेथ स्लेडन) ही १९७३ ते १९७६ मध्ये डॉक्टरची सोबतीण होती. १९७६ ला डॉक्टरला गॅलिफ्रेवरून बोलावणं आलं, तिला नेता येत नव्हतं म्हणून तो तिला पृथ्वीवर सोडून गेला, आणि परत आला नाही. तीस वर्षांनी ती समोर येते आणि आपण वाट बघत राहिलो हे त्याला सांगते. जुन्या कथेत जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता तो इथे विचारला गेला, आणि शेजारी उभ्या असलेल्या रोझला कळतं की एक दिवस आपलंही हेच होणार. म्हणजे जुनी सोबतीण नव्या सोबतिणीचं भविष्य म्हणून आली, नुसती हात हलवून गेली नाही. पुढे याच सारा जेनला स्वतःची मालिका मिळाली, २००७ ते २०११, स्लेडन गेली त्या वर्षापर्यंत.

एक गोष्ट लोक विसरतात, सगळं शोरनरच्या मनावर नसतं. डॅलेकचे हक्क त्यांना निर्माण करणाऱ्या टेरी नेशनच्या वारसांकडेही आहेत आणि २००४ मध्ये बोलणी फिसकटली होती, इतकी की डॅलेकच्या भागासाठी दुसरा राक्षस सुद्धा तयार ठेवला होता. के-नाइन या यांत्रिक कुत्र्याचे हक्कही वेगळीकडे, म्हणून तो येऊन-जाऊन असायचा.

मॉफॅट आणि चिबनल

पुढचा शोरनर स्टीव्हन मॉफॅट (२०१० ते २०१७) जुनं थेट कथेत ओवायचा. ५० व्या वर्षाचा भाग २३ नोव्हेंबर २०१३ ला ९४ देशांत एकाच वेळी दाखवला, सुरुवातीला १९६३ चं टायटल, मग पहिल्या भागातली तीच कोल हिल शाळा, आणि शेवटी ७० च्या दशकातला डॉक्टर टॉम बेकर. पण भागाचा गाभा होता ते न दाखवलेलं युद्ध, आणि डॉक्टरनं त्यात खरंच काय केलं हा प्रश्न. २०१७ ला त्यानं १९६६ चे कापडी चेहऱ्यांचे सायबरमन परत आणले, तेव्हा डॉक्टर असलेल्या पीटर कपाल्डीला ते हवे होते, आणि जे एकेकाळी स्वस्तातलं सोंग वाटलं असेल ते बँडेज बांधलेल्या पेशंटसारखं करून खरोखर भीतीदायक केलं.

ख्रिस चिबनलनं २०१८ ला उलट सुरुवात केली, पूर्ण सीझनमध्ये एकही जुना शत्रू नाही, डॅलेक आला तो १ जानेवारी २०१९ ला. मग २०२० मध्ये त्यानं मुळालाच हात घातला: डॉक्टर मुळात गॅलिफ्रेचा नाहीच, कुठून तरी सापडलेलं मूल आहे. १९७६ च्या एका कथेत आठ अनोळखी चेहरे दिसले होते, टीममधल्याच लोकांचे फोटो होते ते, आणि हे हार्टनेलच्या आधीचे डॉक्टर की काय यावर फॅन्स वर्षानुवर्षं भांडत होते. चिबनलनं ते चेहरे घेऊन सांगितलं, हो, आधीचेच. बऱ्याच लोकांना हे अजिबात पटलं नाही. तरी २०२२ च्या त्याच्या शेवटच्या भागात ८० च्या दशकातल्या सोबतिणी टीगन आणि एस आल्या, आणि पहिल्या भागापासूनचा सोबती इयन चेस्टरटन, म्हणजे विल्यम रसेल, ५७ वर्षांनी दिसला, तो क्षण फार हळवा आहे.

इतर मालिका

स्टार ट्रेक मध्ये १९९२ च्या रेलिक्स या भागात ६० च्या दशकातल्या मूळ मालिकेतला, आता म्हातारा झालेला इंजिनिअर स्कॉटी जुन्या जहाजाचा ब्रिज (जहाज चालवायची खोली) कृत्रिमरीत्या उभा करून तिथे एकटाच बसतो. पूर्ण सेट बांधणं परवडणारं नव्हतं, म्हणून थोडा भाग बांधला आणि बाकी ६० च्या दशकातल्या मूळ फूटेजमधल्या रिकाम्या ब्रिजनं भागवलं. क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांच्या कपाळाचं प्रकरणही इथलंच: ६० च्या दशकात साधा मेकअप, १९७९ पासून कपाळावर उंचवटे, का ते कोणी सांगितलं नाही. १९९६ मध्ये वोर्फ या क्लिंगॉन पात्रानं आम्ही याबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाही अशा अर्थाचं उत्तर देऊन विषय मिटवला, २००५ मध्ये मॅनी कोटो शोरनर असताना एंटरप्राइझ या स्टार ट्रेक मालिकेनं दोन भाग घालवून कारण दिलं. मला वोर्फचं उत्तर जास्त आवडतं, त्यात पात्राचा स्वभाव आहे.

बॅटलस्टार गॅलॅक्टिका ची गोष्ट वेगळी, रोनाल्ड डी. मूरनं २००३ मध्ये १९७८ ची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली, म्हणजे रिबूट. तरी जुनी धून जहाजाच्या निरोप समारंभात वाजते, जुना सायलॉन (शत्रू यंत्रमानव) म्युझियममध्ये उभा आहे, आणि मूळ नायक रिचर्ड हॅचला नव्या मालिकेत बंडखोर टॉम झॅरेकची भूमिका दिली.

सगळ्यात जवळचा भूतकाळ

चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला मान देणं तसं सोपं, तिच्यावर सगळ्यांचं प्रेम बसलेलं असतं. अवघड असतं आपल्या लगेच आधीच्या शोरनरला मान देणं, तेही त्याचं काम लोकांना आवडलेलं नसताना. २०२३ ला डेव्हिस परत आला तेव्हा सापडलेल्या मुलाची गोष्ट तो खोडून टाकेल असं अनेकांना वाटत होतं. त्यानं १९६६ चा शत्रू टॉयमेकर आणला, २०२४ ला १९७५ मधला शत्रू सुटेख आणला आणि आवाजही त्याच गॅब्रिएल वूल्फचा, पण त्या सापडलेल्या मुलालाही हात लावला नाही. उलट नवी सोबतीण रूबी संडे ही चर्चच्या दारात सोडलेलं बाळ निघाली, आणि तिच्याशी बोलताना डॉक्टर सांगतो, मीही तसाच, सापडलेला.