मृत्तिका-नॅनोकणयुक्त जलाधारित पॉलिमर लेप

पाण्यात विखुरलेल्या पॉलिमरमध्ये, बहुधा अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनमध्ये, चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळून केलेला लेप. यासाठी मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज वापरतात. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांत वाळूचे साचे बांधण्यासाठी जे बेंटोनाइट पोत्यांनी रिचवले जाते, त्याचा प्रमुख घटक हाच आहे. तेव्हा तिथल्या मोल्डरला ही माती नवी नाही, तिचे हे काम तेवढे नवे.

मॉन्टमोरिलोनाइटचा एक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाड असतो आणि त्याची लांबी-रुंदी जाडीच्या शंभर किंवा अधिक पट भरते. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो व मधल्या फटींत सोडियमसारखे आयन असतात. फटींत पाणी शिरले की माती फुगते. साच्याच्या वाळूत पाणी जेमतेम असल्याने पापुद्रे गठ्ठ्यानेच राहून वाळूचे कण जखडतात; लेपासाठी मात्र ते भरपूर पाण्यात घुसळून सुटे करावे लागतात. सोडियमयुक्त माती पाण्यात आपणहून उलगडते, म्हणून तेलकट द्रावकांसाठी करावा लागणारा सेंद्रिय संस्कार, म्हणजे सोडियमच्या जागी सेंद्रिय आयन बसवणे, येथे सहसा टळतो.

लेप वाळताना पापुद्रे पृष्ठभागाशी समांतर आडवे पडले, तर ऑक्सिजनच्या रेणूंना त्यांना वळसे घालत जावे लागते आणि घाटातल्या रस्त्यासारखी त्यांची वाट लांबते. वजनाने १ ते ५ टक्के मातीनेही हा परिणाम दिसतो, शिवाय लेप अधिक ताठ होतो आणि पापुद्रे नीट सुटलेले असल्यास पारदर्शकही राहतो. प्रमाण वाढवत नेल्यास गुठळ्या होतात व लेप ठिसूळ बनतो.

ओल्या लेपाचा थिक्सोट्रॉपी हा गुण कारखानदाराच्या अधिक उपयोगाचा आहे: ढवळले की पातळ, ठेवले की दाट. त्यामुळे उभ्या पृष्ठभागावर ओघळ येत नाहीत आणि रंगद्रव्य तळाशी बसत नाही. साच्यांना लावायच्या पाण्यातल्या कोटमध्ये ग्रॅफाइट किंवा झिरकॉन तरंगत ठेवण्यासाठी बेंटोनाइट घालतात, ते याच गुणापायी.

या लेपांची खरी दुबळी बाजू म्हणजे मातीची पाण्याची ओढ. दमट हवेत लेप ओलावा शोषतो, पापुद्र्यांमधल्या फटी रुंदावतात आणि कोरड्या हवेत ऑक्सिजन उत्तम अडवणारा लेप ढिला पडतो. मशिनिंग केलेल्या बिडाच्या कास्टिंगला गंजापासून जपायचे असेल, तर कोरड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून जुलैतल्या कोल्हापूरचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरेल. त्यावर उपाय म्हणून जलविरोधी पॉलिमर निवडतात, पॉलिमरच्या साखळ्या आडव्या बंधांनी जोडतात किंवा पापुद्र्यांच्या कडांवर सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाची प्रक्रिया करतात.