माणूस कागदावर उभा का राहत नाही?

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या स्मरणचित्रात बाजार असतो, एसटी स्थानक असतं, विहीर असते आणि त्यात माणसं असतात. नाक-डोळे जागच्या जागी, साडीचे काठ नीट रंगवलेले. पण बरीचशी माणसं जमिनीवर उभीच नसतात. ती तरंगतात, नाहीतर आत्ता कलंडतील अशी वाटतात. त्यावर सर्रास ऐकू येणारं निदान म्हणजे 'हातात कला असावी लागते, ती देवाची देणगी'. हे निदान चुकीचं आहे, आणि त्यापायी कितीतरी मुलांची पेन्सिल कायमची सुटते. इथे बिघडलेलं असतं ते शाळेच्या विज्ञानातलं एक प्रकरण: गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू.

त्याआधी प्रमाण उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. कागदावर २४ सेंमीची उभी रेघ काढा आणि तिचे ३ सेंमीचे आठ भाग करा. वरचा पहिला भाग म्हणजे डोकं, टाळूपासून हनुवटीपर्यंत. दुसऱ्या खुणेवर स्तनाग्रं, तिसरीवर बेंबी, चौथीवर मांड्यांचा सांधा, सहावीवर गुडघ्याची खालची कड, आठवीवर तळपाय. प्रत्यक्षात प्रौढ माणूस सात-साडेसात डोकी उंच असतो. आठ हा चित्रकारांनी सोयीसाठी आणि डौलासाठी घेतलेला आकडा आहे. शरीराचा मध्य बेंबीपाशी नसून मांड्यांच्या सांध्यापाशी असतो, हे विसरलं की पाय आखूड होतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते वर सरकवतात, कारण केसांखालची कवटी हिशेबात धरायची राहून जाते. तळहात बोटांसकट हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत पोचतो, त्यामुळे चित्रातला हात लहान वाटला तर तो बहुधा खरोखरच लहान झालेला असतो. नवजात बाळ मात्र चार डोक्यांचं असतं. मोठा माणूस नुसता लहान आकारात काढला तर तो बुटका माणूस होतो, बाळ होत नाही.

प्रमाणाचा विषय निघाला की कुणीतरी सौंदर्याचं गुपित समजला जाणारा १.६१८ हा 'सुवर्ण गुणोत्तरा'चा आकडा पुढे करतं आणि लिओनार्दो दा विंचीच्या वर्तुळ-चौकोनातल्या माणसाचा दाखला देतं. १४९०च्या सुमाराच्या त्या चित्राभोवती लिओनार्दोने जी मापं लिहून ठेवली, ती साधे अपूर्णांक आहेत: डोकं उंचीच्या एक अष्टमांश, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत एक दशांश. १.६१८ हा आकडा तिथे कुठेच नाही. माणसांची शरीरं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की कोणत्याही गूढ आकड्याजवळ जाणारी दोन मापं कुठे ना कुठे सापडतातच. त्या आकड्याने माणूस उभाही राहत नाही.

माणूस उभा राहतो तो एका अटीवर. सरळ उभ्या प्रौढाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंचीच्या साधारण ५५ ते ५७ टक्क्यांवर असतो: बेंबीच्या जरा खाली, पोटाच्या आत, पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या पुढे. आपल्या २४ सेंमीच्या आकृतीत ही जागा तळापासून सुमारे साडेतेरा सेंमीवर येते. तिथून ओळंबा सोडला तर तो आधाराच्या क्षेत्रात पडला पाहिजे. आधाराचं क्षेत्र म्हणजे दोन्ही तळपाय आणि त्यांच्यामधली जमीन. ओळंबा त्याबाहेर गेला की माणूस पडतो, निदान पाऊल तरी हलवतो. चित्र बघणाऱ्याने गुरुत्वमध्य हा शब्द ऐकलेला नसला तरी त्याचं शरीर आयुष्यभर हेच गणित करत आलेलं असतं. म्हणून चूक कुठे आहे ते त्याला सांगता येत नाही, पण खटकतं लगेच.

दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर चित्र सोपं आहे. पंढरपूरचा विठोबा समचरण आहे: खांदे आडव्या पातळीत, कंबर आडव्या पातळीत आणि मध्यरेषा दोन पावलांच्या बरोबर मधून. शिल्पशास्त्र या ठेवणीला समभंग म्हणतं आणि त्या मध्यरेषेला ब्रह्मसूत्र. पण रांगेत, बसथांब्यावर, पानटपरीपाशी माणसं अशी क्वचितच उभी राहतात. ती एका पायावर भार टाकतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

समजा, भार उजव्या पायावर आला. आधार आता बराचसा एकाच तळपायाएवढा उरला. गुरुत्वमध्य त्यावर आणायचा तर कंबर उजवीकडे सरकली पाहिजे; ती सरकते. उजवा पाय खांबासारखा ताठ राहतो, डावा गुडघा सैल होतो, त्यामुळे कटीची, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याची, डावी बाजू खाली झुकते आणि उजवी वर राहते. पाठीचा कणा त्याच कटीवर बसवलेला आहे. तो सरळच राहिला असता तर डोकं आणि खांदे डावीकडे कलले असते. म्हणून कणा कमरेत वाकून धड परत उजवीकडे आणतो, आणि उजवा खांदा खाली येतो. एकूण हिशेब असा: भाराच्या बाजूला कटी वर आणि खांदा खाली, मोकळ्या बाजूला नेमकं उलट. गळ्याच्या खळीतून सोडलेला ओळंबा समोरून पाहताना भाराच्या पायाच्या आतल्या घोट्यापाशी पडतो. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे खांदे आणि कटी एकाच बाजूला उतरती काढणं. मग माणूस जिन्याबरोबर तिरका झाल्यासारखा दिसतो.

आता कमरेच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या एका स्नायूकडे पाहू. ६० किलोच्या माणसाचा एक पाय सुमारे १० किलोचा असतो. दुसरा पाय पूर्ण उचलला तर आधाराच्या खुब्यावर, त्या आधाराच्या पायाचं वजन वगळून उरलेल्या, ५० किलोंचा भार येतो. हा भार सांध्याच्या आतल्या बाजूला सुमारे १० सेंमीवर असतो. कटी तोलून धरणारा नितंबाचा मधला स्नायू सांध्याच्या बाहेरच्या बाजूला सुमारे ५ सेंमीवर ओढतो. तरफेच्या नियमाने ५० गुणिले १० बरोबर स्नायूचं बळ गुणिले ५, म्हणजे स्नायूला १०० किलोंच्या वजनाइतकी ओढ द्यावी लागते. सांध्यावर दोन्ही मिळून १५० किलो येतात, शरीराच्या वजनाच्या अडीच पट. इतकी मेहनत स्नायूला फार वेळ झेपत नाही. म्हणून सैलावून उभा राहिलेला माणूस दुसरं पाऊल जमिनीला टेकवून ठेवतो, कटी थोडी झुकू देतो आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याला ताणाचा वाटा उचलू देतो. चित्रात हे सगळं उमटतं: भाराच्या बाजूला मांडीच्या हाडाचा उंचवटा बाहेर येतो, त्याच बाजूला कंबर आणि बरगड्यांमध्ये घडी पडते, आणि मोकळ्या बाजूची बाह्यरेषा लांब, ताणलेली होते. दोन्ही कुशींच्या रेषा सारख्या काढल्या की पुतळ्यात कापूस भरल्यासारखं वाटतं.

ही ठेवण दगडात आणायला शिल्पकारांना पुष्कळ काळ लागला. जुन्या ग्रीक तरुणांच्या पुतळ्यांत एक पाय पुढे असतो, पण कटी आडवीच राहते. इसवीसनपूर्व ४८०च्या सुमाराच्या, 'क्रिटिओसचा मुलगा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अथेन्सच्या पुतळ्यात ती पहिल्यांदा ठळकपणे झुकलेली दिसते. आपल्याकडे त्रिभंग हा याच यांत्रिकीचा जास्त ताणलेला आविष्कार आहे: डोकं, धड आणि कटी तीन वेगवेगळ्या दिशांना, तरी तोल शाबूत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व बघताना ब्रह्मसूत्र मनात धरून बघा.

वजन उचललेलं असेल तर हिशेब आणखी नेमका करता येतो. ६० किलोची बाई उजव्या हातात १५ किलोची भरलेली बादली घेऊन निघाली आहे. बादली मध्यरेषेपासून ३० सेंमी बाहेर. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य १५ गुणिले ३० भागिले ७५, म्हणजे ६ सेंमी उजवीकडे जातो. ते भरून काढायला ती डावीकडे झुकते आणि मोकळा डावा हात बाहेर फेकते. तिची उंची १६० सेंमी आणि चित्र २० सेंमीचं असेल, तर प्रमाण एकास आठ, म्हणजे कागदावर हा सरकाव साडेसात मिलिमीटर. तेवढा दाखवला नाही तर बादली रिकामी दिसते. मूल कडेवर घेतलं तरी हाच हिशेब: कटी मुलाच्या बाजूला बाहेर येते, धड दुसरीकडे झुकतं. डोक्यावर घागर असेल तर सगळं पुन्हा उभ्या रेषेत येतं.

सरावासाठी ४बी पेन्सिल, स्वस्त न्यूजप्रिंट, खोडरबर नको. एका आकृतीला दोन मिनिटं. कोणत्या पायावर भार आहे ते आधी ठरवा आणि तो तळपाय सर्वांत आधी कागदावर टेकवा. त्यावर हलकी उभी रेघ, मग कटीची तिरकी रेघ, तिच्या उलट खांद्यांची, त्यांना जोडणारा वाकडा कणा, आणि डोक्याचा लंबगोल शेवटी. डोक्यापासून सुरुवात केली की पाय कागदात जिथे जागा उरेल तिथे जातात, भार असेल तिथे नाही. माप घेताना पेन्सिल धरलेला हात कोपरात ताठ ठेवा आणि एक डोळा मिटा. कोपर वाकलं की दर वेळी माप बदलतं. समोर उभ्या माणसापासून त्याच्या उंचीच्या तिप्पट तरी अंतर ठेवा, नाहीतर डोकं मोठं आणि पावलं वरून पाहिल्यासारखी येतात.

धावणाऱ्या माणसाला मात्र ही अट लावायची नाही. जमिनीला रेटा देत असताना त्याचा गुरुत्वमध्य टेकलेल्या पावलाच्या पुढे निघून गेलेला असतो; तो पावलावर आणून ठेवला की धावपटू जागेवर थिजतो. खुर्चीतून उठणाऱ्याचंही असंच आहे. बसलेल्याचा ओळंबा खुर्चीत पडतो, आणि उठायला तो पावलांवर न्यावाच लागतो. म्हणून बूड उचललं जातं त्या क्षणी नाक गुडघ्यांच्या पुढे काढा.